मालाची जबान : तांत्रिक लेखकांच्या परिषदेला कापड व्यापाऱ्याने का जावे?

नांदेड शहर सोडून लातूर रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर विष्णुपुरी येते. बहुतेकांना हे गाव गोदावरीवरच्या धरणामुळे आणि उपसा सिंचन प्रकल्पामुळे माहीत आहे. परंतु व्यापारी माणसाने या गावाकडे आणखी एका नजरेने पाहिले पाहिजे. येथे १९८१ साली सुरू झालेली श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि तिच्यात वस्त्र तंत्रज्ञानाचे शिक्षण दिले जाते. सूत, माग, रंग आणि धुलाई यांचे शास्त्र शिकलेली मुले येथून बाहेर पडतात. याच विष्णुपुरीत १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तेथे भाषा आणि वाङ्मय यांच्या अभ्यासाचे स्वतंत्र संकुल आहे.

म्हणजे कापड जाणणारे आणि भाषा जाणणारे असे दोघेही एकाच गावच्या शिवारात आहेत. या दोघांचीही ज्याला गरज आहे तो कापड व्यापारी मात्र अलीकडे शहरात आपल्या गादीवर बसून असतो. या तिघांना एकत्र आणणारा एक पेशा जगात आहे. त्याला तांत्रिक लेखन म्हणतात. त्या पेशाच्या लोकांच्या परिषदा भरतात, त्यांत व्याख्याने होतात, प्रदर्शने लागतात. आपल्या बाजारात कोणाला विचारले तर तो म्हणेल, “लेखकांच्या संमेलनात आपले काय काम?” काम आहे आणि ते थेट गल्ल्याशी निगडित आहे. तेच या लेखात मांडायचे आहे.

तांत्रिक लेखन म्हणजे काय?

कथा-कविता लिहिणारा लेखक वेगळा. तांत्रिक लेखक म्हणजे वस्तू कशी वापरावी, कशी जोडावी, कशी धुवावी, बिघडली तर काय करावे आणि कशापासून धोका आहे, हे वापरणाऱ्याला समजेल अशा शब्दांत लिहिणारा माणूस. शिलाई मशीनसोबत येणारी पुस्तिका, औषधाच्या खोक्यातला कागद, मोटार-पंपावरची सूचना, शर्टाच्या कॉलरमागची पट्टी, हे सर्व कोणीतरी लिहिलेले असते. ते चांगले लिहिले असेल तर आपल्या लक्षातही येत नाही. वाईट लिहिले असेल तर ग्राहक परत दुकानात येतो आणि तो खरेदीसाठी आलेला नसतो.

आपल्या व्यवसायात हे लेखन जुन्या काळापासून आहे. तागा उलगडला की काठावर छापलेले दिसते : “पॉलिएस्टर ६७ टक्के, कॉटन ३३ टक्के.” पूर्वी थानावर “मर्सराइज्ड” आणि “सॅनफोराइज्ड” असे शिक्के असत. पहिला शब्द जॉन मर्सर या इंग्रज माणसाच्या नावावरून आला. १८४४ च्या सुमारास त्याने सुती कापडावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली. दुसरा शब्द सॅनफोर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाच्या नावावरून आला. कापड धुण्यात आटू नये म्हणून त्याने यंत्राची पद्धत काढली आणि १९३० साली तिचे पेटंट घेतले. गिऱ्हाईकाला या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. तरी दुकानदार सांगत असे की हा शिक्का आहे म्हणजे कापड आटणार नाही. तेव्हा शिक्का एक आणि तो समजावून सांगणारी जबान दुकानदाराची, असा हिशेब होता.

आज हा हिशेब बिघडला आहे. माल सुरतेचा, भिवंडीचा, इचलकरंजीचा, तिरुपूरचा येतो. दुकानातला पोरगा नवा असतो. गिऱ्हाईक घाईत असते किंवा मोबाईलवरूनच मागवते. समजावून सांगणारा माणूस मधून निघून गेला आहे. त्याची जागा आता कागदाच्या चिठ्ठीनेच भरून काढायची आहे.

रंग उतरला, दोष कोणाचा?

आमच्या बाजारातली एक घटना सांगतो. एका बाईंनी लग्नासाठी लाल ओढणीचा ड्रेस नेला. पहिल्याच धुण्यात ओढणीचा रंग उतरला आणि सोबतचे पांढरे कपडे गुलाबी झाले. बाई सगळे घेऊन दुकानात आल्या. ड्रेसच्या आत, शिवणीजवळ, नखाएवढ्या पट्टीवर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिले होते की हा कपडा वेगळा धुवावा. बाईंना मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता येत होते, इंग्रजी येत नव्हते. बाहेरगावच्या कारखानदाराला फोन लावला तर उत्तर आले, “आम्ही लिहिले आहे.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण बाईंच्या उपयोगाचेही नव्हते. नुकसान दुकानाने सोसले आणि बाई पुन्हा त्या दुकानात आल्या नाहीत.

अशा प्रसंगात कापड चांगले असते, शिवण चांगली असते, भावही वाजवी असतो. फक्त मालाला जबान नसते. आपल्याकडे जुनी शिकवण आहे की मालातली खोट झाकून ठेवू नये, ती ग्राहकाला सांगून विकावी. पण सांगणे म्हणजे त्याला समजेल असे सांगणे. जी भाषा त्याला वाचता येत नाही तिच्यात लिहिणे हे झाकण्यासारखेच आहे.

कारागिरांचेही तेच. भरतकामाचे कॉम्प्युटरवाले मशीन कर्ज काढून आणले जाते. सोबतची पुस्तिका इंग्रजीत किंवा चिनीत असते. सुई तुटते, धागा सुटतो, पडद्यावर एक आकडा दिसतो. त्या आकड्याचा अर्थ पुस्तिकेत लिहिलेला असतो, पण वाचणार कोण? कारागीर मेकॅनिकची वाट पाहत बसतो. मेकॅनिक येऊन पाच मिनिटांत एक बटण फिरवतो आणि पैसे घेऊन जातो. दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच. उस्तादाच्या हाताखाली बसून, बघून बघून शिकण्याची आपली रीत फार मोलाची आहे. परंतु हे मशीन उस्तादानेही पूर्वी पाहिलेले नसते. येथे लिहिलेल्या शब्दाशिवाय मार्ग नाही.

कायदा काय म्हणतो?

हा विषय केवळ सोयीचा राहिलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात मालामुळे होणाऱ्या इजेच्या आणि नुकसानीच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तूसोबत योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिला नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. विक्रेत्यालाही त्यात सूट नाही. उत्पादकाने दिलेल्या सूचना आणि इशारे विक्रेत्याने ग्राहकापर्यंत पोचवले नाहीत आणि त्यातून इजा झाली, तर विक्रेताही जबाबदारीत येतो. गठ्ठ्यातला सूचनेचा कागद दुकानातच फेकून देण्याची सवय आपल्या बाजारात सर्रास आहे. तो कागद यापुढे जपावा.

पॅकबंद मालावर किंमत, नाव-पत्ता, माप वगैरे मजकूर छापण्याचे नियम २०११ पासून वैधमापन कायद्याखाली आहेत. तो मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत हवा, असे नियम सांगतो. मात्र त्याच्या जोडीला दुसरी कोणतीही भाषा वापरण्यास मनाई नाही. म्हणजे मराठी, उर्दू, तेलुगू यांचा रस्ता मोकळा आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांत आणि पलीकडे तेलंगणात जाणाऱ्या मालाला या तिन्ही भाषा उपयोगी पडतील.

बाहेरच्या देशांत तर याहून कडक व्यवस्था आहे. युरोपीय संघात कपड्यातील धाग्यांचे प्रमाण सांगणारी पट्टी, ज्या देशात माल विकायचा त्या देशाच्या भाषेत असावी लागते. तसा नियम २०११ सालचा आहे. जर्मनीत २००२ पासून जोडणीच्या वस्तूबरोबरची सूचना चुकीची असेल तर वस्तूच सदोष मानली जाते. सोलापूरचे टॉवेल परदेशात जातात. तिकडे माल पाठवणाऱ्याला शब्दही सुतासारखेच तपासून पाठवावे लागतात.

हा पेशा कसा वाढला?

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर अमेरिकेत यंत्रे, विमाने आणि शस्त्रे इतकी गुंतागुंतीची झाली की ती चालवणाऱ्यांसाठी पुस्तिका लिहिणारे वेगळे लोक लागू लागले. १९४९ साली बायनॅक नावाच्या संगणकासाठी जोसेफ चॅपलाइन यांनी पुस्तिका लिहिली. संगणक वापरणाऱ्यांसाठीचे ते पहिले पुस्तक म्हणून सांगितले जाते. १९५३ साली अमेरिकेत या लेखकांच्या पहिल्या संघटना निघाल्या. त्या एकत्र येत गेल्या आणि १९७१ साली त्यांना सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन हे नाव मिळाले. या संस्थेची शाखा भारतातही होती. तिच्या वार्षिक परिषदा भरत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांतली शेकडो तरुण मंडळी या पेशात आली.

सत्तर वर्षांहून जुनी ही संस्था जानेवारी २०२५ मध्ये पैशांअभावी बंद पडली. संस्था बंद पडली तरी पेशा बंद पडला नाही. जर्मनीत १९७८ साली स्थापन झालेली टेकॉम नावाची संघटना आहे. तिची परिषद श्टुटगार्ट शहरात नोव्हेंबरच्या सुमारास भरत आली आहे. तेथे व्याख्यानांबरोबर मोठे प्रदर्शन असते. भाषांतर करणारे, चित्रे काढणारे, लेबल छापणारे आणि पुस्तिका तयार करण्याची सॉफ्टवेअरे विकणारे आपापले गाळे मांडतात. आपल्या व्यापारी मेळाव्यासारखेच ते असते, फक्त तागे-ठाणांच्या जागी शब्द आणि चित्रे मांडलेली असतात. आपल्या देशात या पेशाची माणसे मुख्यतः बंगळूर, पुणे, हैदराबाद या शहरांत आहेत, म्हणून परिषदाही तिकडेच होतात. नांदेडकरांसाठी पुणे आणि हैदराबाद ही दोन्ही एका रात्रीच्या प्रवासाची शहरे आहेत.

हे आपल्याकडे नवे नाही

कोणी म्हणेल, हे सारे इंग्रजीवाल्यांचे खेळ आहेत. तसे नाही. नांदेड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. त्याच हैदराबादेत १९१७ साली दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर संस्था स्थापन झाली. पुढच्या वर्षी स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शास्त्रे उर्दूतून शिकवायची होती. त्यासाठी रसायन, गणित, वैद्यक, अभियांत्रिकी यांची पुस्तके उर्दूत आणण्याचे काम येथे झाले. मौलवी अब्दुल हक हे या कामातले मोठे नाव. त्यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम बरीच वर्षे आपल्या मराठवाड्यातल्या औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) चालवले.

तांत्रिक शब्द कसे घडवावेत यावर तेथे समित्या बसत आणि वाद होत. एक पक्ष म्हणे, शब्द अरबी-फारसीतून घ्यावेत. दुसरा पक्ष म्हणे, लोकांच्या बोलीतले सोपे शब्द का नकोत? वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि देशी बोलीतल्या शब्दांची बाजू मांडली. मराठीतही हाच वाद झाला. १९६० साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय सुरू केले आणि पुढे अनेक विषयांचे परिभाषा कोश काढले. त्यांतले काही शब्द रुळले, काही कोशातच राहिले. दोन्ही भाषांचा अनुभव एकच सांगतो. जो शब्द माणसाच्या तोंडात आधीच आहे तो टिकतो.

आणखी एक उदाहरण व्यापाऱ्यांच्या फार जवळचे आहे. किर्लोस्कर बंधूंनी लोखंडी नांगर काढले तेव्हा शेतकऱ्याला ते नवे होते. नुसता नांगर विकून भागत नव्हते, तो समजावून सांगावा लागत होता. १९२० साली त्यांनी “किर्लोस्कर खबर” हे मासिक सुरू केले. सुरुवातीला ते कारखान्याच्या मालाची आणि कामाची माहिती देणारे पत्रक होते. पुढे तेच मराठीतले नावाजलेले मासिक झाले. नांगर विकणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी शब्दांची किंमत ओळखली, तर कापड विकणाऱ्याने आज ती ओळखायला काय हरकत आहे?

परिषदेत काय पाहावे, काय विचारावे?

आता मुद्द्याचे. अशा परिषदेत साधारण दोन-तीन दिवस कार्यक्रम असतो. सकाळी एक मोठे व्याख्यान, नंतर एकाच वेळी दोन-तीन दालनांत वेगवेगळी सत्रे, बाजूला प्रदर्शन आणि काही ठिकाणी वेगळी फी घेऊन कार्यशाळा. बराचसा भाग सॉफ्टवेअरचा असतो. कापड व्यापाऱ्याच्या कामाचा भाग कमी असतो, हे आधीच समजून जावे म्हणजे निराशा होत नाही. कार्यक्रमपत्रिका अगोदर मागवून पुढील विषयांची सत्रे शोधावीत.

पहिला विषय : सोपी भाषा. विमान उद्योगाने १९८० च्या दशकात एक नियमावली तयार केली, तिला सिंप्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. विमान दुरुस्त करणारा माणूस कोणत्याही देशाचा असू शकतो, त्याला इंग्रजी बेताचेच येत असेल, म्हणून हे नियम केले. एका शब्दाचा एकच अर्थ. एका वाक्यात एकच काम. सूचनेचे वाक्य वीस शब्दांपेक्षा मोठे नको. विमानाच्या मेकॅनिकसाठी केलेले हे नियम साडीच्या चिठ्ठीलाही जसेच्या तसे लागू पडतात.

दुसरा विषय : चित्रखुणा. कपड्याच्या पट्टीवरच्या खुणा ठरवणारी जिनेटेक्स ही संस्था १९६३ साली पॅरिसमध्ये निघाली. त्या खुणा पाचच आहेत. पाण्याची बादली म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणे, इस्त्री म्हणजे इस्त्री आणि गोल म्हणजे ड्रायक्लीनवाल्याचे काम. खुणेवर फुली असेल तर ते करू नये. इस्त्रीत एक ठिपका म्हणजे कोमट, तीन ठिपके म्हणजे कडक. दुकानातल्या प्रत्येक नोकराला या पाच खुणा तोंडपाठ हव्यात. अर्ध्या तासात होण्यासारखे काम आहे.

तिसरा विषय : भाषांतर. आजकाल मोबाईलवर क्षणात भाषांतर होते आणि पुष्कळजण तेच छापून टाकतात. इंग्रजीत इस्त्रीला आणि लोखंडाला एकच शब्द आहे, तेव्हा “इस्त्री करू नका” याचे “लोखंड करू नका” होऊ शकते. पक्क्या रंगाचा “वेगवान रंग” होतो आणि ड्रायक्लीनचे “कोरडे स्वच्छ” होते. यंत्राने केलेला मसुदा घ्यावा, पण छापण्यापूर्वी कापड आणि भाषा दोन्ही कळणाऱ्या माणसाने तो वाचलाच पाहिजे. परिषदेत या कामाचे जाणकार भेटतात. त्यांना दर विचारावा आणि ते काम कसे तपासतात तेही विचारावे.

चौथा विषय : चाचणी. सूचना लिहून झाली की ती वापरणाऱ्याच्या हातात द्यायची, आपण गप्प बसायचे आणि तो काय करतो ते पाहायचे. तो जेथे अडतो तेथे चूक वाचणाऱ्याची नसते, लिहिणाऱ्याची असते. ही रीत या पेशातली सर्वात मोलाची आहे आणि तिला खर्च काहीच नाही.

जाताना आपल्या मालाच्या चार पट्ट्या, एखादे खोके, एखादी पुस्तिका सोबत न्यावी. नुसते हात हलवत गेलेला माणूस नुसता परत येतो. इंग्रजीची अडचण वाटत असेल तर घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी बरोबर न्यावी. चहाच्या वेळेत गाळ्यांवर फिरावे, कारण खरी ओळख तेथेच होते. फी भरण्यापूर्वी पाहावे की लवकर नाव नोंदवल्यास सवलत आहे का आणि एका दिवसापुरता प्रवेश मिळतो का. दोघा-तिघा दुकानदारांनी मिळून एकाला पाठवावे आणि त्याने परत येऊन बाकीच्यांना सांगावे. आपल्या बाजारात खरेदीला सुरतेला जाताना हेच करतात.

चिठ्ठी कशी असावी? एक नमुना

बोलण्यापेक्षा नमुना बरा. हातमागाच्या सुती साडीसोबत द्यायची चिठ्ठी अशी लिहिता येईल :

हातमागाची सुती साडी. लांबी साडेपाच मीटर. ब्लाऊजचे कापड वेगळे.
पहिल्या तीन धुण्यांत रंग थोडा उतरतो. तोपर्यंत साडी वेगळी धुवा.
थंड पाणी वापरा. साडी भिजत ठेवू नका.
सावलीत वाळवा. उन्हात रंग फिका पडतो.
इस्त्री मध्यम गरम ठेवा. जरीवर पातळ कापड टाकून मगच इस्त्री फिरवा.
तक्रार असल्यास बिल घेऊन दुकानात या.

सहाच ओळी आहेत. प्रत्येक वाक्यात एक काम आहे. काही ठिकाणी सूचनेबरोबर कारणही दिले आहे, कारण कारण कळले की माणूस ऐकतो. “आटणे”, “उतरणे”, “फिका पडणे” हे बाजारातलेच शब्द वापरावेत. रंग उतरतो हे लिहिण्यात कमीपणा नाही. उलट आधी सांगितलेली गोष्ट गुण ठरते आणि नंतर कळलेली तीच गोष्ट फसवणूक ठरते. हीच चिठ्ठी मागच्या बाजूला उर्दूत छापली तर छपाईचा खर्च फारसा वाढत नाही. फक्त मोजमाप, धाग्याचे प्रमाण आणि रंगाची खात्री कारखान्याकडून लिहून घ्यावी. आपल्या अंदाजाने काही छापू नये.

मुलांसाठी नवा धंदा

आपल्या घरांतून आता बी.ए., बी.एस्सी. झालेली मुले-मुली पुष्कळ आहेत. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाला घरची उर्दू किंवा दखनी, बाजारातली मराठी, शाळेतली हिंदी आणि कॉलेजातली इंग्रजी अशा चार भाषा येतात. तो स्वतःला कोणत्याच भाषेत पुरा समजत नाही आणि नोकरीच्या रांगेत मागे उभा राहतो. या पेशात नेमकी हीच चार भाषांची पुंजी लागते. त्यात धंद्याची जाण असेल तर दुधात साखर. ज्या मुलीने लहानपणापासून घरात जरीकाम पाहिले आहे, ती जरीच्या साडीची सूचना शहरातल्या पदवीधरापेक्षा नेमकी लिहील.

हे काम घरी बसून करता येते. सुरुवातीला मोठी कंपनी शोधण्याची गरज नाही. आपल्याच गल्लीतल्या मशीनवाल्याची पुस्तिका मराठी-उर्दूत करून द्यावी, आपल्याच बाजारातल्या दहा दुकानांच्या चिठ्ठ्या लिहाव्यात. तो कामाचा नमुना हातात असेल तर पुण्याच्या किंवा हैदराबादच्या परिषदेत बोलायला तोंड राहते. आणि दुकानदारांनीही या कामाचे पैसे द्यावेत. बोर्ड रंगवणाऱ्याला आपण पैसे देतो, मग मालाचे शब्द फुकटात का मागावेत?

विष्णुपुरीत हे होऊ शकते

शेवटी पुन्हा आपल्या गावाकडे. पुण्याला आणि बंगळूरला सगळे जाऊ शकत नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी जावे, परंतु खरे काम येथेच उभे राहिले पाहिजे. वस्त्र तंत्रज्ञानाचे विद्यार्थी दरवर्षी काहीतरी प्रकल्प करतात. भाषेचे विद्यार्थी प्रबंध लिहितात. व्यापाऱ्यांनी पुढे होऊन म्हणावे की आमच्या बाजारातल्या पंचवीस प्रकारच्या कापडांची धुलाई-चाचणी तुम्ही करा, तिचे निकाल सोप्या मराठीत आणि उर्दूत तुम्ही लिहा, आणि छपाईचा खर्च आम्ही करतो. वर्षातून एक दिवस तिघांनी एकत्र बसावे. सकाळी प्राध्यापकांनी कापडाचे शास्त्र सांगावे, दुपारी कारागिरांनी आपल्या मशीनच्या अडचणी मांडाव्यात, संध्याकाळी एखाद्या गृहिणीच्या हातात चिठ्ठ्या देऊन त्या तिला समजतात का ते सर्वांनी पाहावे. तांत्रिक लेखकांच्या मोठ्या परिषदेत याहून वेगळे काही होत नाही.

नांदेडची उस्मानशाही मिल निजामाच्या काळात उभी राहिली आणि तिच्या भोंग्यावर शहराची घड्याळे लागत. आज ती बंद आहे. मिल पुन्हा उभी करणे आपल्या हातात नाही. परंतु जे कापड आपण विकतो त्याबद्दल खरे, नेमके आणि समजेल असे दोन शब्द लिहिणे हे आपल्या हातात आहे. त्याला भांडवल लागत नाही, परवाना लागत नाही. व्यापारी बांधवांनी येत्या सणाच्या खरेदीपूर्वी निदान एका मालाची चिठ्ठी तयार करावी, घरातल्या बायकांना वाचायला द्यावी आणि त्यांनी काय विचारले ते लिहून ठेवावे. त्या प्रश्नांची यादी घेऊन विष्णुपुरीच्या फाटकातून आत गेलेल्या व्यापाऱ्याला तेथे कोणी परका समजणार नाही.